माफी द्या, पण बोजा चढवून

प्रति,
गृहनिर्माण विभाग, महाराष्ट्र शासन
मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ, म्हाडा
बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय: जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींतल्या भाड्याच्या खोल्या टिकाव्यात म्हणून मालकांना सशर्त कर्जमाफी देण्याबाबत

महोदय / महोदया,

तिन्ही कार्यालयांना एकच पत्र लिहिते आहे. तीन वेगळी पत्रं पाठवली तर 'सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही' असं उत्तर तीनदा येईल, हे अनुभवाने ठाऊक आहे. निदान एकमेकांची नावं एका कागदावर दिसतील.

कर्जमाफी म्हटलं की आपल्याकडे शेतकरीच डोळ्यांपुढे येतो. २०१७ ची माफी, २०१९ ची माफी, त्यातले पात्र-अपात्र, याद्या, अंगठे. मी ३१ वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात काढली, त्यातली बरीचशी वसुलीत. माफी हा शब्द ऐकला की आमच्या टेबलावर कपाळाला आठ्या पडायच्या. जो फेडतो तो मूर्ख ठरतो, असं आम्ही म्हणायचो आणि ते अगदीच खोटं नव्हतं. त्याच टेबलावरून उठलेली बाई आज तुमच्याकडे माफी मागते आहे, आणि तीही चाळमालकांसाठी. वाचून तुमच्यापैकी कुणाला हसू आलं तर माझी हरकत नाही. पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

आधी माझी बाजू उघड करते. मी गिरगावातल्या ४८ खोल्यांच्या चाळीत वाढले. आमच्या खोलीचं भाडं महिना २२ रुपये ४० पैसे होतं. चाळ पाडली गेली, टॉवर झाला, आणि आता मी नवव्या मजल्यावरच्या चारशे फुटांच्या फ्लॅटची मालकीण आहे. मला एक पैसाही द्यावा लागला नाही. म्हणजे ज्या व्यवस्थेबद्दल मी तक्रार करणार आहे, तिने माझं भलंच केलं आहे. पुनर्विकासाच्या विरोधात हे पत्र आहे असं कुणी समजू नये. खोकत खोकत चार मजले चढणाऱ्या माझ्या आईला शेवटची सहा वर्षं लिफ्ट मिळाली, ती याच पुनर्विकासामुळे.

पण आमच्या चाळीत तळमजल्यावर, नळाशेजारी, एक खोली होती. तिला सगळे 'गावकीची खोली' म्हणायचे. गिरणगावात आणि गिरगावात अशा खोल्या पुष्कळ होत्या, तुमच्यापैकी काहींचे आजोबा तिथे राहून गेले असतील. राजापूर तालुक्यातल्या एका गावाने मिळून ती घेतलेली. दहा बाय चौदाची जागा. भिंतीला खुंट्या, पोटमाळ्यावर एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येक ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव. माणसं चौदा-पंधरा, पण एका वेळी आत सहा-सात. पहिली पाळी सुटली की दुसरी जायची, ज्याची रात्रपाळी तो दुपारी झोपायचा. वळकट्या बाहेर गॅलरीत उन्हाला टाकलेल्या असायच्या आणि आम्ही पोरं त्यांवर बसलो की आतून ओरडा यायचा. गणपतीला आणि शिमग्याला खोली रिकामी, तेव्हा तिला कुलूप दिसायचं. एरवी वर्षभर नाही.

१९८२ च्या संपानंतर गिरणीवाले कमी झाले, खोली मात्र भरलेलीच राहिली. मग कुरियरवाले आले, सिक्युरिटीवाले आले, एक मुलगा वकिलीचं शिकायचा, दोघं स्पर्धा परीक्षेचे. गावातून मुंबईला येणाऱ्याला पहिल्या रात्री पाठ टेकायला जागा होती. महिन्याची वर्गणी जेवढी होती तेवढ्यात आज चौपाटीवर भेळसुद्धा येणार नाही.

या खोलीची पावती एकाच माणसाच्या नावावर होती. गावकीच्या पुढाऱ्याच्या. तो कधीच वारला होता, पुतण्याचं नाव लागलेलं. पुनर्विकासाचा सर्व्हे झाला तेव्हा यादीत एक ओळ लिहिली गेली: गाळा क्रमांक अमुक, पात्र भाडेकरू एक. त्या एकाला फ्लॅट मिळाला. दोन वर्षांत त्याने तो विकला. कुणीही लबाडी केली नाही. पुतण्याने नाही, बिल्डरने नाही, तुमच्या अधिकाऱ्याने तर नाहीच. सगळं नियमानुसार झालं. नियमात पंधरा माणसांसाठी रकानाच नव्हता. त्या गावची मुलं आता नालासोपाऱ्याच्या पलीकडे कुठेतरी राहतात आणि पहाटेची गाडी पकडून फोर्टात येतात, असं खोलीतला एक जुना रहिवासी भेटला तेव्हा म्हणाला.

आमच्या चाळीच्या जागी आज ४८ मालक आहेत आणि वरच्या मजल्यांवर विकत घेतलेले फ्लॅट. परवडणाऱ्या भाड्याची खोली एकही नाही. आमच्यातले दोघं-तिघं आपले फ्लॅट भाड्याने देतात, पण ते भाडं शेजारच्या इस्पितळातल्या परिचारिकेच्या अख्ख्या पगाराला हात लावतं.

हे एका चाळीचं झालं. २०१७-१८ च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणी अहवालात असं म्हटलं होतं की देशाच्या शहरांत भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आलं. मुंबईत १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झालं तेव्हा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. त्यातल्या आता १३ हजारांहून थोड्या अधिक उरल्या आहेत. कमी झालेल्या काही पडल्या, बऱ्याच पाडून नव्या झाल्या. पण विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) या पुनर्विकासाच्या नियमाखाली जी नवी इमारत उभी राहते तिच्यात भाडेकरू मालक होतो आणि भाड्याचं घर त्या प्लॉटवरून कायमचं पुसलं जातं. जो आत आहे त्याचं कल्याण होतं. जो उद्या परळ टीटीला बसमधून पिशवी घेऊन उतरणार आहे, त्याची खोली आपण त्या कल्याणाच्या खर्चात जमा धरतो.

आता मालकांकडे येते. चाळमालक म्हटलं की लोकांना सिनेमातला सावकार आठवतो. आमचे मालक महिन्याच्या सात तारखेला कापडी पिशवी घेऊन यायचे. पिशवीत कार्बन लावलेलं पावतीपुस्तक, रेव्हेन्यू स्टॅंपची पट्टी आणि चिकटवायला एका डबीत ओला स्पंज. ४८ पावत्या फाडायला त्यांना पूर्ण सकाळ लागायची, कारण प्रत्येक दारात चहा घ्यावा लागे आणि प्रत्येक दारात गळक्या छपराची तक्रार ऐकावी लागे. त्या सगळ्या भाड्यातून जिन्यातले दिवे, पंपाचं बिल आणि सफाईवाल्याचा पगार भागला की महिना संपला. १९४७ च्या कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. १९९९ चा कायदा आला आणि वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मिळाली. आमच्या खोलीपुरता त्याचा अर्थ पहिल्या वर्षी ९० पैसे! मालकांनी ते ९० पैसे कधी मागितले नाहीत. पावतीवर सुटे पैसे लिहिण्याचा त्रास नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

गोठलेलं भाडं भाडेकरूंच्या पथ्यावर पडलं हे खरं, पण दुरुस्तीचा पैसा त्यातून कधीच निघणार नव्हता. मग पागडी (खोली देताना घेतलेली एकरकमी रक्कम), मग छपरावर ताडपत्री, मग टेकू. आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला मंडळाने लोखंडी टेकू लावले ते 'तात्पुरते' म्हणून. ते १७ वर्षं राहिले. तिथल्या तात्यांच्या घरच्यांनी त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घातले, आणि पुढे त्याच टेकूवरून 'टेकूसमोरचं बिऱ्हाड' असा पत्ता सांगायची पद्धत पडली. हसण्यासारखं आहे, पण ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली, त्यानंतर आमच्याकडे कित्येक दिवस कुणी त्या दोरीवर कपडे घातले नाहीत.

आमच्या मालकांनी शेवटी चाळ विकली. हातात काय पडलं ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की बँकेने दुरुस्तीला कर्ज दिलं असतं तर विकली नसती. कर्जविभागातली मी त्यांच्यासमोर गप्प बसले होते, कारण आमच्याच बँकेत तो अर्ज आला असता तर मीच 'परतफेडीची क्षमता नाही' असा शेरा मारला असता. महिन्याला हजार-अकराशे रुपये येणाऱ्या इमारतीला कोण कर्ज देणार?

तर मागणी अशी. असं कर्ज तुम्ही द्या. बिनव्याजी द्या. आणि इमारत भाड्याची राहील, भाडं ठरलेल्या मर्यादेत राहील, तोवर दरसाल त्याचा एक हिस्सा माफ करत जा. ज्या दिवशी मालकाने किंवा त्याच्या वारसाने बोली मोडली, त्या दिवशी उरलेली मुद्दल सुरुवातीपासूनच्या व्याजासकट वसूल करा. ज्यांच्याकडे आधीच मालमत्ता कराची, उपकराची, पाणीपट्टीची थकबाकी साचली आहे, तीही याच खात्यात कर्ज म्हणून ओढा आणि त्याच पद्धतीने वर्षावर्षाने उतरवा.

आकडा मांडून दाखवते. सवय जात नाही. समजा ४० खोल्यांची इमारत आहे आणि तिला नीट उभी करायला १ कोटी २० लाख लागतात. मुदत ३० वर्षं. म्हणजे दरसाल ४ लाखांची माफी, खोलीमागे वर्षाला १० हजार, महिन्याला ८३३ रुपये. तुम्ही म्हणाल, बाई, व्याज सोडलंत ते कुणाच्या खिशातून? बरोबर. ७ टक्के व्याज धरून मांडलं तर खोलीमागे महिन्याला २ हजारांच्या आसपास जातात. दक्षिण मुंबईत एक परवडणारी भाड्याची खोली ३० वर्षं राखण्याचा हा खर्च. यापेक्षा स्वस्तात तुमच्यापैकी कुणी नवी बांधून दाखवावी, मी हे पत्र मागे घेईन. जमीनच त्या पैशात येणार नाही.

यावर पहिला आक्षेप मला ठाऊक आहे: सार्वजनिक पैसा खासगी मालकाच्या घशात. पण तो पैसा आजही जातोच आहे. दुरुस्ती मंडळ दर चौरस मीटरला ठरलेल्या मर्यादेपर्यंत इमारतींची दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने करतं, वरचा खर्च भाडेकरूंनी भरायचा असतो. त्या खर्चाच्या बदल्यात तुम्ही मालकाकडून काय लिहून घेता? इमारत अमुक वर्षं भाड्याचीच राहील, एवढी साधी ओळसुद्धा नाही. आज प्लास्टर वाळतं आणि उद्या तो बिल्डरशी करार करायला मोकळा.

आणि जानेवारी २०२१ आठवा. टाळेबंदीने बांधकाम धंदा बसला म्हणून राज्य सरकारने बिल्डरांना बांधकाम परवानगीसाठी भरायच्या अधिमूल्यात (प्रीमियममध्ये) ५० टक्के सूट दिली, ती ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत. तीही माफीच होती, फक्त तिला माफी म्हटलं नाही. शेतकऱ्याची असते ती माफी, बिल्डरची असते ती सवलत, आणि नळाच्या बिलाची असते ती अभय योजना. मला त्या सूटीतली एक गोष्ट मात्र आवडली होती. सूट घेणाऱ्याने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरावं अशी अट तुम्ही घातली होती. म्हणजे सोडलेल्या पैशाला अट बांधता येते, हे तुम्हाला येतं. तेच इथे करा.

अट कुठे बांधायची, हा माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, आणि इथे बाहेरच्या शहरांनी ठेचा खाऊन ठेवल्या आहेत.

न्यूयॉर्क राज्याने १९५५ मध्ये मिचेल-लामा नावाची योजना आणली. स्वस्त कर्ज आणि करसवलत घ्या, मध्यमवर्गाला परवडेल अशा भाड्याने घरं द्या. चांगली घरं उभी राहिली. पण साधारण वीस वर्षांनी कर्ज आगाऊ फेडून योजनेतून बाहेर पडण्याची मुभा मालकाला होती. जिथे परिसराचे भाव वाढले तिथल्या मालकांनी नेमकं तेच केलं. म्हणजे कर्ज बुडालं तर शहराचा पैसा जातो, आणि कर्ज फिटलं तर शहराची घरं जातात. बँकेत आम्ही फिटलेल्या कर्जाचे पेढे वाटायचो, इथे त्या दिवशी भाडेकरू रडतो.

दुसरी ठेच लॉस एंजेलिसची. तिथल्या चायनाटाउनमध्ये हिलसाइड व्हिला नावाचं १२४ घरांचं संकुल आहे. १९८० च्या दशकात शहराच्या कर्जावर, कमी भाड्याच्या अटीवर उभं राहिलेलं. अट २०१८ मध्ये संपली आणि भाडी एकदम चढली. भाडेकरूंनी वर्षानुवर्षं लढा दिला. नगर परिषदेने २०२२ मध्ये इमारत ताब्यात घेण्याच्या दिशेने ठराव केला, मग २०२४ मध्ये मालकाशी तडजोड केली: मालकाचं उरलेलं कर्ज माफ, वर रोख रक्कम, आणि बदल्यात आणखी दहा वर्षं कमी भाडं. भाडेकरूंची घरं वाचली याचा आनंद आहेच. पण दहाच वर्षं. एका पोराची पहिली ते दहावी. अकरावीला पुन्हा तोच मोर्चा.

उलट ग्लासगो पाहा. तिथल्या पालिकेकडे भाड्याची ८० हजारांहून अधिक घरं होती आणि त्यांवर जुन्या कर्जाचा असा डोंगर की येणारं भाडं व्याजातच संपायचं, दुरुस्तीला हातात काही उरायचं नाही. २००२ मध्ये भाडेकरूंचं मतदान घेतलं, ५८ टक्क्यांनी होकार दिला आणि २००३ मध्ये सगळी घरं ना-नफा गृहसंस्थेकडे गेली. त्या वेळी ब्रिटनच्या तिजोरीने सुमारे ९० कोटी पौंडांचं कर्ज सोडून दिलं. नेदरलँड्सने १९९५ मध्ये वेगळीच शक्कल लढवली. सरकारला गृहसंस्थांकडून कर्ज येणं होतं, आणि सरकार त्यांना पुढच्या कित्येक वर्षांचं अनुदान देणं लागत होतं. दोन्ही रकमा एकमेकांत वळत्या करून खातं बंद केलं. वाण्याच्या वहीत 'देणं-घेणं वजा' लिहितात तसं, फक्त देशाच्या पातळीवर. दोन्हीकडे कर्ज गेलं तरी घरं भाड्याचीच राहिली, कारण ज्यांच्या हातात ती होती त्या संस्थांचं कामच भाड्याची घरं चालवणं हे होतं.

म्हणून सांगते, अट कर्जाला बांधू नका, जमिनीला बांधा. माफीचा आदेश निघाला की सिटी सर्व्हे कार्यालयात जाऊन प्रॉपर्टी कार्डावर बोजा चढवा: ही इमारत अमुक सालापर्यंत मर्यादित भाड्याने द्यायची आहे, मालक बदलला तरी. बँकेचा बोजा असतो तसाच. इमारत विकली, वारसाहक्काने गेली, गहाण पडली, बोजा तिथेच. मुदत ३० वर्षांची ठेवलीत तरी संपायच्या पाच वर्षं आधी नूतनीकरणाची बोलणी सुरू व्हावीत आणि इमारत विकायची झालीच तर पहिला हक्क भाडेकरूंच्या सहकारी संस्थेला किंवा पालिकेला असावा. आपल्या सहकारी गृहनिर्माणात 'भाडेकरू सहभागीदारी' संस्था हा प्रकार आहे. त्यात घर संस्थेचं असतं आणि सभासद भाडं भरून राहतो. आजच्या पिढीला तो प्रकार ऐकूनही माहीत नाही.

परदेशचे दाखले देते म्हणून रागावू नका. हे काम आपण त्यांच्या आधी केलं आहे. प्लेगनंतर १८९८ मध्ये सुधार न्यास (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे बीआयटी) स्थापन झाला आणि त्याने बीआयटी चाळी बांधल्या. परळच्या त्यातल्या एका चाळीत बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षं राहिले. कोलंबियाची पदवी घेतलेल्या माणसाला त्या काळच्या मुंबईत भाड्याच्या खोलीतच पाय रोवता आला. मग १९२० च्या सुमारास बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, आली. ५० हजार खोल्यांचा बेत होता, उभ्या राहिल्या २०७ चाळी, दर चाळीत ८० खोल्या, दर खोली १६० चौरस फुटांची. पैसा कुठून आणला? कर्जरोखे काढले, आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर १ रुपया शहर-कर बसवला. ज्या गिरण्यांना कामगार हवे होते त्यांच्याच कापसावर कामगारांच्या खोलीचा भार! गोऱ्या साहेबाला सुचलेली ही गोष्ट मला आजच्या कितीतरी धोरणांपेक्षा सरळ वाटते. (चाळी सुरुवातीला भरेनात, कामगारांना त्या लांब आणि उदास वाटल्या. वरळीच्या रिकाम्या चाळींमध्ये १९३० च्या सत्याग्रहींना कोंडून ठेवलं होतं. तेव्हा नुसतं बांधून काम होत नाही, हेही तिथेच शिकायला मिळतं.)

आणि आपण हे काम विसरलोही आपल्याच हाताने. २००८ मध्ये एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) भाड्याच्या घरांची योजना काढली, पुन्हा १६० फुटांचीच खोली. तिच्यातून पनवेलजवळ कोनला घरं तयार झाली. २०१६ मध्ये त्यातल्या २,४१७ घरांची सोडत काढून ती गिरणी कामगारांना मालकीने दिली, दोन-दोन खोल्या जोडून ३२० फुटांची. कामगारांचा हक्क होता, त्यांच्या तोंडचा घास काढावा असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांनाही त्या किल्ल्यांसाठी पुढे कित्येक वर्षं ताटकळावं लागलं, मध्ये करोनात ती घरं विलगीकरणासाठी घेतली गेली. पण भाड्याच्या घरांची योजना भाड्याचं घर न देताच आटोपली, याबद्दल त्या सगळ्या गोंधळात कुणी चकार शब्द काढला नाही. मालकीचं घर देताना मंत्र्यांचा फोटो निघतो, किल्लीची मोठी प्रतिकृती हातात असते. भाडेपावती देताना कोण फोटो काढणार?

आता अवघड प्रश्न. भाडेकरू याला तयार होतील का? शेजारच्या प्लॉटवरच्यांना मालकीचा फ्लॅट मिळतो आहे आणि आम्ही मात्र दुरुस्त केलेल्या खोलीत भाडेकरूच राहायचं? मला विचारलं असतं तर मीसुद्धा नाही म्हटलं असतं, खोटं कशाला बोलू. म्हणून ही योजना सरसकट नको. जिथे बिल्डर फिरकतच नाही तिथे ती आणा. दोनशे-तीनशे चौरस मीटरचे चिंचोळे प्लॉट, ज्या गल्लीत अग्निशमनाची गाडी वळत नाही त्या गल्ल्या, वारसा यादीतल्या वाड्या. तिथले लोक वीस-वीस वर्षं टॉवरची वाट बघतात आणि त्यांच्या वाट्याला शेवटी नोटीस आणि संक्रमण शिबिर (म्हाडाची तात्पुरती घरं) येतं. शिबिरात जन्मलेली मुलं तिथेच लग्नाला येतात, हे म्हाडाला मी सांगायला नको. अशा इमारतीतल्या माणसाला 'टॉवर की दुरुस्त खोली' असा पर्याय नसतोच. त्याच्यापुढे असतं ते दुरुस्त खोली की टेकू.

जुन्या भाडेकरूच्या हक्काला, त्याच्या भाड्याला हात लावू नका. पण खोली रिकामी होईल, किंवा पागडीवर हस्तांतरित व्हायला निघेल, तेव्हा ठरलेल्या किमतीला ती घेण्याचा पहिला हक्क शहराचा राहू द्या, आणि मग ती सोडतीने भाड्यानेच द्या. नव्या भाड्याचा आकडा २२ रुपये ४० पैसे असणार नाही हे उघड आहे. त्यात इमारतीची देखभाल निघाली पाहिजे, नाहीतर तीस वर्षांनी पुन्हा हेच पत्र कुणीतरी लिहील. गोठवलेल्या भाड्याने इमारती कशा मेल्या ते आम्ही आतून पाहिलं आहे. आणि सोडतीच्या अर्जात एका नावाबरोबर आणखी नावं लिहायची सोय ठेवा. एका गावचे, एका इस्पितळातले, एका कॉलेजातले चार-सहाजण मिळून खोली घेऊ शकले पाहिजेत. पावती सगळ्यांच्या नावाने.

लबाडी होईल का? होईल. माफी खाऊन खोल्या कुलूपबंद ठेवणारे निघतील, पोटभाडेकरू ठेवून वरचे पैसे खिशात घालणारे निघतील. म्हणून माफी हप्त्याने मागते आहे, एकदम नाही. वर्षाला एक तपासणी, तिचा कागद खात्याला जोडला तर त्या वर्षीचा हिस्सा उतरतो, नाहीतर उतरत नाही. एकरकमी माफी दिलेल्या माणसाच्या दारात पुन्हा जायला अधिकाऱ्याला काही कारण उरत नाही, हे मी वसुलीच्या अनुभवावरून सांगते. ज्याची माफी अजून बाकी आहे तो स्वतः कागद घेऊन येतो, आणि येताना तुमच्यासाठी फाइलची झेरॉक्ससुद्धा काढून आणतो.

मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. 'माझे घर, माझा अधिकार' हे त्याचं नाव, २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं लक्ष्य. एवढ्या मोठ्या आकड्यात माझी मागणी अगदी लहान आहे. सुरुवातीला एका वॉर्डात पंचवीस इमारती घ्या. सी वॉर्ड घ्या किंवा डी, दोन्हीकडे मोजायला टेकू भरपूर आहेत. ज्यांचे मालक तयार आहेत तेवढ्याच घ्या, जबरदस्ती कुणावर नको.

ते मालक कसे सापडणार, हेही सांगून ठेवते. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मंडळाची माणसं इमारतींचं सर्वेक्षण करतात आणि अतिधोकादायक इमारतींची यादी निघते. आमच्याकडेही यायचे, हातात पॅड, टॉर्च, आणि भिंतीवर ठोकून बघायला एक छोटी हातोडी. तडे किती, टेकू किती, छप्पर गळतं का, हे सगळं लिहून घ्यायचे. आमचे मालक त्यांच्यामागे जिना चढत-उतरत असायचे, पण त्यांना कुणी काही विचारलं नाही, कारण कागदावर तसा प्रश्न नव्हता. या पावसाळ्याआधी त्या कागदात एक रकाना वाढवा: 'दुरुस्तीला मदत मिळाल्यास मालक इमारत भाड्याचीच ठेवण्यास तयार आहे काय?' होय किंवा नाही, आणि खाली सही.

कळावे,

गिरगावातली एक माजी भाडेकरू,
निवृत्त कर्ज अधिकारी